अनएम्प्लॉयमेंटचे आठवडे संपत आले, आता पुढे काय? अमेरिकेतल्या नवख्या मराठी मंडळींसाठी

"एक्स्टेन्शनचा फॉर्म कुठे मिळतो हो?" लेऑफला चार-पाच महिने झाले, अनएम्प्लॉयमेंटचे म्हणजे राज्याकडून मिळणाऱ्या बेरोजगारी भत्त्याचे आठवडे संपत आले, की हा प्रश्न हमखास येतो. असा फॉर्म नसतो, हे उत्तर कुणालाच आवडत नाही. त्यावर लगेच दुसरा प्रश्न येतो: "पण कोविडमध्ये तर सगळ्यांना मिळत होतं!"

मिळत होतं, खरं आहे. मार्च २०२० मध्ये अमेरिकेच्या काँग्रेसने (तिथल्या संसदेने) केअर्स कायदा केला आणि नेहमीचे आठवडे संपलेल्यांना आधी १३ आठवडे जादा दिले. मग मुदत वाढवत नेली आणि शेवटी हा आकडा ५३ आठवड्यांवर गेला. ६ सप्टेंबर २०२१ ला ते सगळं बंद झालं, आणि जवळजवळ निम्म्या राज्यांनी तर त्याआधीच उन्हाळ्यात हात आखडते घेतले होते. २००८ च्या मंदीतही असाच खास कायदा झाला होता. तेव्हा काही राज्यांत सगळं मिळून ९९ आठवड्यांपर्यंत पैसे मिळत. तोही २०१३ च्या अखेरीस संपला. हे दोन्ही कायदे त्या त्या संकटापुरते होते. संकट टळलं की ते गेले.

कायमस्वरूपी उरतो तो १९७० चा कायदा. त्याखाली मिळणाऱ्या पैशांना 'एक्स्टेन्डेड बेनिफिट्स' म्हणतात, बोलताना नुसतं 'ईबी'. आणि ईबी तुमची अडचण बघून मिळत नाही. तुमच्या राज्यातली बेरोजगारी ठरावीक रेषेच्या वर गेली तरच राज्याचा मेन स्विच चालू होतो. तो बंद असेल तर तुमच्या घरी दोन लहान मुलं असोत की डोक्यावर मॉर्गेज असो, कुणाचाच ईबी चालत नाही. हे आधी मनात पक्कं करा, कारण पुढची सगळी आखणी त्यावर आहे.

आधी बघा, नक्की काय संपतंय

राज्याच्या वेबसाइटवर तुमच्या क्लेमच्या (भत्त्याच्या अर्जाच्या) पानावर दोन गोष्टी असतात: शिल्लक रक्कम आणि बेनिफिट इयर संपायची तारीख. लोक या दोन्हींची गल्लत करतात.

समजा न्यू जर्सीत तुम्हाला आठवड्याला ६०० डॉलर मंजूर झाले आणि पूर्ण २६ आठवडे मिळाले. म्हणजे खात्यात १५,६०० डॉलर. मध्येच दोन महिने पार्ट-टाइम काम मिळालं तर त्या आठवड्यांत कमी पैसे उचलले जातात, शिल्लक जास्त दिवस पुरते. इथवर छान. पण क्लेम उघडल्यापासून ५२ आठवडे झाले की बेनिफिट इयर संपतं आणि उरलेली शिल्लक तुमच्या हातून जाते. ती पुढच्या वर्षात सरकत नाही.

वर्ष संपल्यावर नवा क्लेम टाकावा लागतो. त्यासाठी साधारणपणे शेवटच्या पाच पूर्ण झालेल्या तिमाह्यांपैकी पहिल्या चार तिमाह्यांचा पगार बघतात. शिवाय पहिला क्लेम उघडल्यानंतर तुम्ही काही काम केलेलं असावं लागतं. त्यामुळे ते दोन महिन्यांचं पार्ट-टाइम काम, ज्याला घरात सगळ्यांनी नाकं मुरडली, तेच इथे कामाला येऊ शकतं.

ईबी चालू असला तरी राज्य आधी हेच तपासतं: तुम्हाला कुठल्याही राज्यात नवा साधा क्लेम बसतो का? बसत असेल तर आधी तो घ्यावा लागतो. म्हणून गेल्या दीड-दोन वर्षांत कुठल्या राज्यात किती महिने काम केलं, कंपनीचं नाव काय, पगार किती, ही यादी आजच कागदावर काढून ठेवा.

इथे एक घोळ नेहमी होतो. तुम्ही नॉर्थ कॅरोलायनात घरी बसून कॅलिफोर्नियाच्या कंपनीचं काम करत असाल तर तुमचा क्लेम सहसा नॉर्थ कॅरोलायनात पडतो. कंपनी कुठली आहे ते महत्त्वाचं नाही, काम कुठे बसून केलं ते महत्त्वाचं. आणि राज्याराज्यांत फरक मोठा आहे. न्यू जर्सी, न्यू यॉर्क, कॅलिफोर्निया जास्तीत जास्त २६ आठवडे देतात. नॉर्थ कॅरोलायना आणि फ्लोरिडा बेरोजगारी कमी असताना १२ आठवड्यांवरच थांबतात. भाडं स्वस्त म्हणून तिकडे राहायला गेलेल्यांना हे लेऑफनंतरच कळतं.

स्विच चालू आहे का, कसं बघायचं

अमेरिकेचं लेबर डिपार्टमेंट दर आठवड्याला एक तक्ता प्रसिद्ध करतं, त्याला ट्रिगर नोटीस म्हणतात. एका ओळीत एक राज्य. पुढच्या रकान्यांत राज्याचे बेरोजगारीचे दर, ते आधीच्या वर्षांच्या किती टक्के आहेत तो आकडा, आणि ईबी चालू की बंद. पहिल्यांदा बघितलं की डोळ्यांपुढे काजवे चमकतात, पण तुम्हाला एकच ओळ वाचायची आहे. चालू असेल तर किती आठवडे, तेही तिथेच लिहिलेलं असतं.

आत काय चाललंय ते थोडं समजून घेतलं तर आशा कधी धरायची आणि कधी नाही, हे स्वतःचं स्वतःला कळतं. नियम दोन प्रकारचे आहेत.

पहिला सगळ्या राज्यांना लागू आहे. क्लेम चालू असलेल्या विमाधारक बेरोजगारांचं प्रमाण १३ आठवड्यांच्या सरासरीने किमान ५ टक्के हवं, आणि ते आधीच्या दोन वर्षांतल्या त्याच काळाच्या सरासरीच्या किमान १२० टक्के हवं. काही राज्यांनी यात आणखी एक सोय घेतली आहे: प्रमाण ६ टक्के झालं तर मागच्या वर्षांशी तुलना नाही.

दुसरा नियम राज्याने मान्य केला असेल तरच लागतो. न्यू जर्सी, वॉशिंग्टन, ऑरेगन अशा राज्यांनी तो घेतला आहे. त्यात बातम्यांमध्ये येतो तो एकूण बेरोजगारीचा दर बघतात. तीन महिन्यांची सरासरी ६.५ टक्के किंवा जास्त, आणि आधीच्या दोनपैकी एखाद्या वर्षाच्या त्याच काळाच्या ११० टक्के. हा दर ८ टक्क्यांवर गेला तर ईबी १३ ऐवजी २० आठवड्यांपर्यंत जातो.

आता यातली मेख बघा. पहिल्या नियमात मोजले जातात ते फक्त क्लेम चालू असलेले लोक. ज्यांचे आठवडे संपले ते या मोजणीतून बाहेर पडतात. म्हणजे जितके जास्त लोक रिकाम्या हाताने बाहेर पडतील तितका हा दर खाली येतो आणि ईबी मिळायची शक्यता कमी होते! ज्या राज्यात मुळात १२ आठवडेच मिळतात तिथे तर लोक भराभर बाहेर पडतात, त्यामुळे तिथे ५ टक्के गाठणं आणखी अवघड. १२० टक्क्यांची अटही अशीच. मंदी दोन-तीन वर्षं रेंगाळली तर आजचा वाईट आकडा कालच्या वाईट आकड्यापेक्षा वाढलेला नसतो, आणि लोक घरी बसलेले असताना स्विच बंद होतो. २०१० च्या डिसेंबरात काँग्रेसला कायदा करून तीन वर्षं मागे जाऊन तुलना करायची तात्पुरती मुभा द्यावी लागली ती याच कारणाने. माझ्या मते ही यंत्रणा १९७० च्या कारखान्यांसाठी ठीक होती. लोक गेले की एकदम जायचे, परत यायचे तेही एकदम. एकेका टीममधून पाच-पाच जण काढणाऱ्या आयटीच्या लेऑफला ती दाद देत नाही.

थोडक्यात, मोठी मंदी नसेल तर बहुतेक राज्यांत ईबी बंद असतो. बंद आहे हे धरूनच चाला.

चालू असेल तर किती आणि कधीपर्यंत

आठवड्याची रक्कम साध्या क्लेमइतकीच राहते. एकूण रक्कम मात्र (वरचा ८ टक्क्यांचा टप्पा सोडला तर) साध्या क्लेमच्या एकूण रकमेच्या निम्मी, किंवा १३ आठवड्यांची, यातली जी कमी ती. वरच्या उदाहरणात १५,६०० चे निम्मे ७,८००, म्हणजे १३ आठवडे. नॉर्थ कॅरोलायनात १२ आठवडेच मिळाले असतील तर ईबी सहाच आठवड्यांचा. आधीच कमी मिळालेल्याला नंतरही कमीच मिळतं.

तारखांचं गणितही नीट बघा. राज्याचा दर रेषेपलीकडे गेला की त्यानंतरच्या तिसऱ्या आठवड्यापासून ईबी सुरू होतो आणि किमान १३ आठवडे चालतो. बंद झाला की किमान १३ आठवडे बंदच. तुमची ईबीची शिल्लक बाकी असताना राज्याचा काळ संपला तर ती शिल्लक मिळत नाही. उलट बाजूने एक दिलासा आहे. तुमचे आठवडे संपले तेव्हा ईबी बंद होता, पण बेनिफिट इयर चालू असतानाच तो सुरू झाला, तर तुम्ही पात्र ठरू शकता. म्हणून पैसे संपले तरी बेनिफिट इयरच्या तारखेपर्यंत महिन्यातून एकदा ट्रिगर नोटीस बघायची सवय ठेवा.

चालू असेल तर काय करायचं

बहुतेक वेळा राज्यच पत्र किंवा पोर्टलवर मेसेज पाठवतं. काही राज्यांत ईबीचा क्लेम आपोआप उघडतो, काही ठिकाणी बटण दाबून तो मागावा लागतो. पत्रात काय लिहिलंय ते शेवटच्या ओळीपर्यंत वाचा आणि सर्टिफाय करणं (अजून काम नाही, शोधतोय, असं ठरावीक मुदतीने राज्याला कळवणं) थांबवू नका. न्यू जर्सीत दर आठवड्याला, कॅलिफोर्नियात दर दोन आठवड्यांनी सर्टिफाय करावं लागतं. शिल्लक शून्य दिसतेय म्हणून सोडून दिलं तर मधले आठवडे परत मिळवताना नाकी नऊ येतात.

ईबीसाठी आधी पुरेसं काम केलेलं असणंही लागतं: बेस पीरियडमध्ये (ज्यांचा पगार बघतात त्या चार तिमाह्यांत) २० आठवडे पूर्णवेळ काम, किंवा तेवढी कमाई. नियमित नोकरीवाल्यांना यात सहसा अडचण येत नाही, काँट्रॅक्टवर तुटक काम केलेल्यांना येते.

खरा बदल होतो तो नोकरी शोधण्यात. साध्या क्लेममध्ये तुम्ही "माझ्या अनुभवाला साजेशी नाही" म्हणून एखादी नोकरी नाकारू शकता. ईबीत तुमच्या क्षेत्रात लवकर काम मिळायची शक्यता कमी आहे असं राज्याने ठरवलं तर तुम्हाला झेपेल असं जवळजवळ कुठलंही काम 'योग्य' ठरतं. अट एवढीच, की आठवड्याचा पगार तुमच्या साप्ताहिक भत्त्यापेक्षा जास्त आणि किमान वेतनाएवढा तरी असावा, आणि ऑफर लेखी असावी किंवा राज्याच्या रोजगार सेवेकडे नोंदलेली असावी. असं काम नाकारलं तर ईबी थांबतो, आणि पुन्हा सुरू व्हायला चार आठवडे काम करून भत्त्याच्या चौपट कमाई दाखवावी लागते. पंधरा वर्षं डेटाबेस सांभाळलेल्या माणसाला वेअरहाउसमधल्या कामाबद्दल 'हो' म्हणायची वेळ येऊ शकते. पटो न पटो, नियम असा आहे.

पुरावाही ठोस लागतो. साधी वही पुरते, पण प्रत्येक अर्जाची नोंद अशी ठेवा: तारीख, कंपनी, पद, अर्ज कुठून केला, कुणाशी बोललात, पुढे काय झालं. कन्फर्मेशनच्या ईमेल वेगळ्या फोल्डरमध्ये टाका. "लिंक्डइनवर बरेच अर्ज केले" हे उत्तर चालत नाही.

आणि एक सापळा. क्लेम न्यू जर्सीचा, पण खर्च वाचवायला तुम्ही टेक्ससला भावाकडे राहायला गेलात. न्यू जर्सीत ईबी चालू आणि टेक्ससमध्ये बंद असेल तर तिथून तुम्हाला ईबीचे पहिले दोनच आठवडे मिळतात. सामान हलवण्याआधी दोन्ही राज्यांच्या ओळी बघून घ्या.

व्हिसा आणि भारतवारी

अनएम्प्लॉयमेंटसाठी तुम्ही काम करायला मोकळे असावे लागता, आणि तशी कायदेशीर परवानगीही लागते. ग्रीन कार्डवाल्यांना, तसंच ईएडी म्हणजे काम करायच्या परवानगीचं वैध कार्ड असलेल्यांना (एच-४ ईएडी किंवा ग्रीन कार्डच्या अर्जावर मिळालेलं ईएडी) बाकी अटी पूर्ण होत असतील तर अडचण नसते. एच-१बी वर मात्र बहुतेक राज्यं नाकारतात, कारण तुम्ही कुठल्याही कंपनीत उद्यापासून रुजू होऊ शकत नाही. शिवाय नोकरी गेल्यावर हातात जास्तीत जास्त ६० दिवस असतात, आय-९४ (इथे राहायच्या मुदतीची नोंद) त्याआधी संपत असेल तर त्याहूनही कमी. म्हणून एच-१बी वाल्याने ईबीचा विचारच करू नये. त्याचा वेळ दुसरी कंपनी शोधण्यात किंवा स्टेटस बदलण्याबद्दल वकिलाशी बोलण्यात जावा.

ईएडीवाल्यांनी कार्डावरची तारीख क्लेमच्या तारखांशेजारी लिहून ठेवावी. ३० ऑक्टोबर २०२५ पासून केलेल्या नूतनीकरणाच्या अर्जांना पूर्वीसारखी आपोआप मुदतवाढ मिळत नाही, काही ठरावीक अपवाद सोडले तर. कार्ड संपलं आणि नवं आलं नाही, तर मधल्या आठवड्यांचे पैसे मिळणार नाहीत.

"अनएम्प्लॉयमेंट घेतलं तर ग्रीन कार्ड अडेल का?" हा विमा आहे, त्यासाठी कंपनी टॅक्स भरते. न्यू जर्सीत तर तुमच्याही पगारातून ०.३८२५ टक्के यासाठी कापले जातात, जुनी पे स्टब काढून बघा. २०२२ च्या पब्लिक चार्ज नियमात (तुम्ही सरकारी मदतीवर अवलंबून राहाल का, हे तपासणाऱ्या नियमात) तो मोजला जात नाही. तरी तुमची फाइल चालू असेल तर वकिलाला एक ईमेल टाकलेली बरी.

आता गावी जाण्याचं. आई आजारी आहे, भाचीचं लग्न आहे, नाहीतरी नोकरी नाहीच, जाऊन येऊ या, असं वाटणं साहजिक आहे. जरूर जा. पण भारतात असताना तुम्ही इथे कामाला उपलब्ध नसता, त्यामुळे त्या आठवड्यांचे पैसे मागू नका. पुण्यातून लॉग-इन करून "हो, मी उपलब्ध आहे" वर टिक करणं, किंवा इथे राहिलेल्या नवऱ्याला सर्टिफाय करायला सांगणं, ही सरळ फसवणूक ठरते. पैसे दंडासकट परत करावे लागतात. जाताना क्लेम थांबवा, परत आलात की पुन्हा उघडा.

बंद असेल तर

यातली बरीचशी कामं आठवडे संपायच्या *आधी* करायची असतात, म्हणून इथे घाई करा.

सर्वांत दुर्लक्षित वाट म्हणजे प्रशिक्षणावर मिळणारी मुदतवाढ. काही राज्यांत मान्यताप्राप्त कोर्स करत असाल तर साधे आठवडे संपल्यावरही भत्ता चालू राहतो, ईबीचा स्विच बंद असला तरी. न्यू जर्सीत याला 'अॅडिशनल बेनिफिट्स ड्युरिंग ट्रेनिंग' म्हणतात, २६ आठवड्यांपर्यंत. कॅलिफोर्नियातही अशी सोय आहे, पण तिथे मुदतवाढीची मागणी साध्या क्लेमचा सोळावा आठवडा संपायच्या आत करावी लागते. मॅसॅच्युसेट्समध्ये विसाव्या आठवड्याच्या आत. पंचविसाव्या आठवड्यात जाग आली तर दार बंद झालेलं असतं. कोर्स राज्याच्या यादीतला हवा. नेटवर सवलतीत मिळालेला क्लाउडचा कोर्स चालेलच असं नाही. जवळच्या अमेरिकन जॉब सेंटरमध्ये जाऊन समोरासमोर विचारा. तिथली मंडळी फोनवरच्या रांगेपेक्षा फार लवकर उत्तर देतात, आणि सेवा फुकट आहे.

नोकरी राष्ट्राध्यक्षांनी जाहीर केलेल्या मोठ्या आपत्तीमुळे गेली असेल (वादळ, पूर, वणवा) तर त्यासाठी वेगळी मदत असते. ती साधा क्लेम न बसणाऱ्या स्वयंरोजगारवाल्यांनाही मिळू शकते. परदेशी स्पर्धेमुळे काम गेलेल्यांसाठी पूर्वी ट्रेड अॅडजस्टमेंटचा कार्यक्रम होता, पण १ जुलै २०२२ पासून त्यात नवी प्रमाणपत्रं देणं थांबलेलं आहे. जुन्या लेखांत त्याचं नाव दिसलं तर त्याच्या मागे लागू नका.

आरोग्य विम्याचं राहून जातं. मार्केटप्लेसमधून (सरकारी विमा बाजारातून) विमा घेताना तुम्ही अनएम्प्लॉयमेंटचे पैसे उत्पन्न म्हणून दाखवले असतील. ते थांबले की उत्पन्न कमी झाल्याची नोंद तिथे करा, प्रीमियमची सवलत वाढू शकते किंवा मेडिकेडची (कमी उत्पन्नवाल्यांच्या सरकारी विम्याची) पात्रता येऊ शकते, कारण मेडिकेड चालू महिन्याचं उत्पन्न बघतं. ग्रीन कार्ड मिळून पाच वर्षं झाली नसतील तर मेडिकेडला बऱ्याच ठिकाणी अडसर येतो. मार्केटप्लेसमधून विमा घेता येतो, पण उत्पन्न फारच कमी असेल तर २०२६ पासून त्यावर सवलत मिळत नाही. वीजबिल, भाडं, धान्य यांसाठी २११ या क्रमांकावर फोन केला की तुमच्या काउंटीत काय आहे ते सांगतात. फूड पँट्रीत जायला आपल्या लोकांना फार संकोच वाटतो. तिथे कुणी ओळखीचं भेटलं तर तेही त्याच कामाला आलेलं असतं, एवढंच सांगतो.

टॅक्सचं थोडक्यात: या पैशांवर फेडरल टॅक्स लागतो, ईबीवरही. जानेवारीत १०९९-जी हा टॅक्सचा फॉर्म येतो. डब्ल्यू-४व्ही फॉर्म भरून १० टक्के आधीच कापून घेता येतात. न्यू जर्सी, कॅलिफोर्निया आणि पेनसिल्व्हेनिया राज्याचा टॅक्स लावत नाहीत, न्यू यॉर्क लावतं.

नकाराचं पत्र आलं तर

पहिल्यांदा वरची तारीख बघा. अपिलाची मुदत पत्राच्या तारखेपासून मोजतात, तुम्ही पाकीट फोडलं त्या दिवसापासून नाही. कॅलिफोर्निया आणि न्यू यॉर्कमध्ये ३० दिवस, न्यू जर्सीत २१. अपील करताना निबंध लिहू नका. कुठल्या तारखेचा निर्णय, तो का मान्य नाही, सोबत कुठले कागद, एवढं पुरतं. सुनावणी बहुधा फोनवर होते. इंग्रजीत अडखळायला होत असेल तर दुभाषा मागा. तो हक्क आहे आणि त्याचे पैसे लागत नाहीत. निकाल लागेपर्यंत सर्टिफाय करत राहा, नाहीतर जिंकूनही मधल्या आठवड्यांचे पैसे मिळायचे नाहीत.

जास्त पैसे दिले गेले, परत करा, असं पत्र आलं तर घाबरून लगेच चेक लिहू नका. चूक तुमची नसेल आणि परतफेड झेपणारी नसेल तर बऱ्याच राज्यांत माफी मागता येते. तिचा अर्ज वेगळा असतो, अपील वेगळं. दोन्ही मुदतीत टाका.